एकवीस जानेवारीची सही

२१ जानेवारी, शुक्रवार

इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. आत ह्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणं चाललं आहे. सकाळी आठला नर्सबाईंनी पाच कागद पुढे केले आणि एकेकावर बोट ठेवत गेल्या: नातेवाइकाची सही इथे, इथे आणि इथे. शेवटच्या कागदावर छापलं होतं, 'वरील मजकूर वाचला व समजला'. मी सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मजकुरातला 'डावा' एवढा शब्द मात्र तपासून घेतला. बाकीचं डॉक्टरांना समजलं असेल तर पुरे.

अशा सह्यांचा मला सराव आहे. आमची कंपनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानात घालायची यंत्रं बनवते. तिथला पत्रव्यवहार मी पाहते आणि यंत्राबरोबरच्या माहितीपुस्तिका लिहिते. संस्कृतात एम.ए. झालेल्या बाईला कुणी इतकी वर्षं पगार देतं, याचं सासूबाईंना अजून नवल वाटतं. शिवाय दर शुक्रवारी मी साक्षीदार असते. संशोधन विभागातली मंडळी आपलं काम पानांवर क्रमांक छापलेल्या बांधीव वह्यांत लिहितात. प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट असते, 'वाचले व समजले'. त्या शोधाशी संबंध नसलेल्या माणसाने तिथे सही करून तारीख घालायची. उद्या कुणी विचारलं की हे तुम्हाला आधी सुचलं कशावरून, तर ते पान दाखवता येतं. या कामासाठी मीच का, असं एकदा मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, शास्त्रीबाई, तुमचं अक्षर सुंदर आहे आणि चोरण्याइतकं तुम्हाला कळणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मी रागावले नाही.

वेदान्तातला साक्षी काही न करता सगळं पाहतो. मी काही न पाहता सही करते.

आजचा शुक्रवार बुडाला. काल रजेचा अर्ज घेऊन गेले तर मालकांनी तो वाचून माझ्याच हातात परत दिला. रजा कसली मांडता, जाऊन या, म्हणाले. माणूस चांगला आहे.

ह्यांना बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने चहा शोधताहेत. घोरणं शस्त्रक्रियेने गेलेलं नाही. चहा पिऊन बाकावरच झोप लागली, तेव्हा खात्री करून घेतली.

२४ जानेवारी, सोमवार

शुक्रवारच्या राहिलेल्या अकरा पानांवर सह्या केल्या. तारीख आजची.

त्यातली सहा पानं टाचणीची. ही विभागातली सगळ्यांत लहान इंजिनिअर. बारीक, टोकदार आणि सुटे कागद एकत्र धरून ठेवणारी, म्हणून हे नाव मी ठेवलं. तिलाही ते माहीत आहे. पानावर जागा उरली तर ती पट्टी घेऊन तिरकी रेघ मारते, मागाहून कुणी काही घुसडायला नको म्हणून. नियम सगळ्यांनाच आहे, पाळते ती एकटी. मालकांच्या स्वतःच्या वहीत तर मधली अख्खी पानं कोरी असतात. विचार करायला जागा लागते, असं त्यांचं म्हणणं.

टाचणी म्हणाली, ताई, वाचून सही करत जा हो. मी म्हटलं, वाचलं तर समजणार नाही, समजलं नाही तर सही करता येणार नाही आणि तुमचा सगळा विभाग माझ्या टेबलापाशी अडून बसेल. ती एरवी हसते. आज हसली नाही.

३१ जानेवारी, सोमवार

टाचणी कंपनी सोडून गेली. स्वतःचं काहीतरी करायचं म्हणते. वह्या, चाव्या, गळ्यातलं ओळखपत्र सगळं जमा केलं. निरोपाच्या पत्राखाली तिची सही घेतली: इथे असताना जे सुचलं ते कंपनीचं, उद्यापासून जे सुचेल ते तिचं. ते पत्र मीच टाइप केलेलं. तिने ते उभ्याउभ्या वीस मिनिटं वाचलं आणि एक स्वल्पविराम कुठे हवा तेही सांगितलं. मालक घड्याळाकडे पाहत होते. मला मात्र जरा बरं वाटलं. माझं लिहिलेलं इतक्या लक्षपूर्वक आजवर कुणी वाचलेलं नाही.

जाताना म्हणाली, घरी येईन, आजींना भेटायला. या वयाची मुलं असं म्हणतात आणि येत नाहीत.

१२ फेब्रुवारी, शनिवार

आली की. पाच वाजता, हातात संत्र्यांची पिशवी.

सासूबाईंचं गाऱ्हाणं सुरूच होतं. कंपनीने दिलेलं यंत्र त्या आल्यागेल्यासमोर कानातून काढून टेबलावर ठेवतात आणि त्याची उलटतपासणी घेतात. तक्रार एकच. माणसाचं बोलणं जेवढं मोठं होतं तेवढीच भांडीही मोठी होतात. स्वयंपाकघरात ताट ठेवलं की डोक्यात घण बसतो, आणि मुलगा काय म्हणाला ते नेमकं त्या घणाखाली जातं. टाचणी म्हणाली, आजी, यंत्राला आवाज कळतो, कुणाचा ते कळत नाही. मी ओट्याशी चहा गाळत होते. म्हटलं, इतकं काय अवघड आहे त्यात? माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, भांडं घेत नाही. आमचे पाठशाळेतले गुरुजी आमची चूक तोंडाबाहेर पडण्याआधीच छडी उचलायचे. श्वास चुकीच्या जागी घेतला की त्यांना कळायचं, पुढचा शब्द चुकणार.

टाचणी कप हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, ताई, मी निघते. अर्धा चहा टाकून, जिना दोनदोन पायऱ्यांनी उतरून गेली. जिभेला चटका बसला असेल, किंवा पाठशाळेच्या गोष्टींचा कंटाळा. मीही काय, दुसऱ्याच्या लेकरांना पकडून गुरुजींच्या आठवणी ऐकवते.

संत्री आंबट निघाली.

५ मार्च, शनिवार

टाचणी पुन्हा आली. या खेपेला फळं नाहीत, वायरी निघालेला एक पत्र्याचा डबा. त्याची एक वायर सासूबाईंच्या कानात घातली आणि मला सांगितलं, ताई, भांडी घासा, जोरात. अशी विनंती मला आयुष्यात पहिल्यांदाच झाली. मी मनातली एकूणएक भांडणं काढून पातेली आपटली. हे दिवाणखान्यात वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवत होते, नेहमीच्या आवाजात, म्हणजे स्वतःलाच. सासूबाई मान कलती करून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, हा असा बोलतो होय? बरं बोलतो की.

ह्यांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.

जाताना टाचणी दारात थांबली. पेटंटचा अर्ज करेपर्यंत हे ऑफिसात कुणाला बोलू नका, म्हणाली. एकदा बाहेर फुटलं की माझं राहणार नाही. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, मी कशाला बोलू?

९ मार्च, बुधवार

मालक चहाला माझ्या टेबलाशी आले. टाचणीचं काय चाललंय, असं त्यांनी सहज विचारलं. म्हटलं, छान चाललंय. आमच्या सासूबाईंना भांड्यांच्या आवाजातून मुलाचं बोलणं ऐकू आलं, तेही एका पत्र्याच्या डब्यातून. 'श्वासावरून ओळखतं म्हणे,' एवढंच म्हटलं. बाकी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार, मला समजलंच कुठे आहे? आणि मुलीचं कौतुक दोन शब्दांनी करायचं नाही तर कधी करायचं?

मालकांनी दोन प्रश्न विचारले. डबा केवढा होता? आणि बोलण्याआधीचा श्वास की बोलतानाचा? मी म्हटलं, आधीचा. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तिथेच विरघळून गेलं.

११ मार्च, शुक्रवार

सात सह्या. शेवटची मालकांच्या वहीतल्या मधल्याच एका पानावर. तारीख जानेवारीतली होती. ते म्हणाले, तेव्हा सही राहून गेली, जुनीच तारीख घाला म्हणजे वही नीट दिसेल. घातली. मालकांच्या हस्ताक्षराबद्दल न बोललेलं बरं. मध्ये एक चित्र होतं, एक नाक आणि त्यातून निघालेले बाण. नाक छान जमलं होतं.

मला नवी खुर्ची आली आहे. चाकांची. नुसतं टेकलं तरी मागे सरकते.

२० जून, सोमवार

तीन महिन्यांनी लिहिते आहे. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि आज जे घडलं ते न घडतं तर फार बरं होतं.

टाचणीने एप्रिलमध्ये पेटंटचा अर्ज केला. आता कंपनीचं म्हणणं असं की ही कल्पना मुळात कंपनीची. मालकांनी ती जानेवारीतच वहीत लिहून ठेवली होती, तेव्हा टाचणी इथेच नोकरीला होती, तिने ती इथून उचलली. प्रकरण कोर्टात जाणार. टाचणीने त्या डब्याखेरीज दुसरं काही हाती धरलेलं नाही. हा खटला ती हरली तर डबाही तिचा नाही आणि वर चोर हे नाव तिच्या मागे लागणार. या धंद्यात तिला पुन्हा कुणी दारात उभं करायचं नाही.

कंपनीच्या वकीलबाई आल्या होत्या. गोड बोलतात, कागद फार सरळ रेषेत ठेवतात. म्हणाल्या, सगळा दावा तुमच्यावर उभा आहे, शास्त्रीबाई. मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी एक झेरॉक्स पुढे केली. नाक, बाण. तळाशी चौकटीत माझं सुंदर अक्षर. एकवीस जानेवारी.

तारीख कुठेतरी टोचली. का ते तेव्हा कळलं नाही. तीन वेळा उठून पाणी प्यायले.

२१ जून, मंगळवार

आता कळलं. ही वही उघडून पहिलंच पान पाहिलं.

जानेवारीतली नोंद तेवढी वाचली. पुढची वाचली नाही. मार्चची तर मुळीच नाही. का, ते लिहीत नाही.

२४ जून, शुक्रवार

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचून दाखवला: मी, अमुक, एकवीस जानेवारी रोजी कार्यालयात सदर पान स्वतः वाचले, मला ते समजले, आणि त्याच दिवशी मी सही केली. एका वाक्यात इतक्या गोष्टी खोट्या असलेलं गद्य मी यापूर्वी फक्त सासूबाईंच्या माहेरच्या पत्रांत पाहिलं आहे.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "एक लक्षात घ्या. खोटं आहे हे मला माहीत असेल तर ते मला कोर्टापुढे ठेवता येत नाही. म्हणून मला काही सांगण्याआधी नीट विचार करा." आवाज गोडच होता. मी तोंड मिटलं.

मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, रोजनिशी वगैरे लिहिता का? मी म्हटलं, किराण्याची यादी लिहिते. त्या म्हणाल्या, रोजनिशी असती तर कोर्ट ती मागवू शकलं असतं. नाही ते बरं, असं मी म्हणणार नाही.

घरी येऊन दोन कपाटं आवरली. कुणाची ते विचारू नये. एक शेजाऱ्यांचं होतं.

२८ जून, मंगळवार

आज मालकांकडे गेले. दार लोटून घेतलं. म्हटलं, साहेब, तुम्ही विसरलात बहुतेक. एकवीस जानेवारीला मी ऑफिसात नव्हतेच. ह्यांचा डोळा होता, मी दिवसभर इस्पितळात होते. मला वाटलं होतं ते दचकतील, बरं झालं सांगितलंत म्हणतील, आणि ते पान मागे घेतील. चार दिवस मी हेच संभाषण आंघोळीच्या वेळी दोघांच्या वतीने बोलत होते आणि त्यात ते दर वेळी हेच म्हणत होते.

 मालक म्हणाले, "रजा मांडली होती?"

"नाही. तुम्हीच म्हणालात, मांडू नका."

"मग तुम्ही ऑफिसातच होतात."

असं म्हणून त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत बोलत राहिले. कंपनीत अशा वह्या-पेटंटांसाठी वेगळा विभाग करायचा आहे, त्याला अनुभवी प्रमुख हवा आहे, दुसऱ्याचं नाव त्यांच्या डोक्यात नाही. आजींचं यंत्र नीट चाललंय ना? काही लागलं तर सांगत जा, ते यंत्र कंपनीचंच आहे. मला एकही वाक्य असं सापडेना की ज्याचा राग धरावा. सगळी वाक्यं सुरेख होती.

चहा प्यायले. त्याची लाज आता वाटते आहे.

खुर्चीवर बसले की मागे सरकते. पुढे ओढून घ्यावी, पुन्हा मागे. दिवसभर तेवढंच काम झालं.

३० जून, गुरुवार

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते उठले, आतून चष्म्याच्या नंबरांची आणि डोळ्यांच्या औषधांची फाईल घेऊन आले आणि पाच कागद काढून टेबलावर मांडले. एकवीस जानेवारी, सकाळी आठ दहा. नातेवाइकाची सही. 'वाचला व समजला.' त्याच अक्षरात, त्याच तारखेला, गावाच्या दुसऱ्या टोकाला मी एक नाक वाचून समजून घेत होते.

हे म्हणाले, दोन्हीपैकी एक खोटी. मी म्हटलं, खरं तर दोन्ही. वाचलं नव्हतंच मी काही. त्यांनी पापणी ओढून मला डोळा दाखवला. म्हणाले, इथे निदान काम नीट झालं.

सासूबाई यंत्र काढून बसल्या होत्या, म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं असा आमचा समज. जेवताना म्हणाल्या, शनिवारी मला त्या मुलीकडे ने. मला तो भांडी न वाजवणारा डबा पाहिजे. मी म्हटलं, तिला भेटायचं नाही असं वकिलांनी सांगितलंय. तुला सांगितलंय, म्हणाल्या. मी चाललेय, तू सोबत ये.

२ जुलै, शनिवार

टाचणीची जागा एका शिंप्याच्या दुकानाच्या वर आहे. एक खोली, एक खुर्ची. खालच्या शिलाई मशिनी जमिनीतून पायांत चढतात. तिला ते फार सोयीचं वाटतं, डब्याची परीक्षा आपोआप होते. खुर्ची सासूबाईंना दिली, डब्याची वायर त्यांच्या कानात घातली. आता तो डबा साबणाच्या वडीएवढा झाला आहे. मी एका खोक्यावर बसले. बसमध्ये पाठ केलं होतं, आधी हे सांगायचं, मग ते. इथे आल्यावर शिलाई मशिनी तेवढ्या बोलत होत्या.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तीनदा श्वास घेतलास," म्हणाल्या. "बोल आता."

मग जे निघालं ते पाठातलं नव्हतं. म्हटलं, मालकांना मीच सांगितलं. मार्चमध्ये. चहाला.

"माहीत आहे," टाचणी म्हणाली. "डबा चार जणांनी पाहिला होता. मी, आजी, काका आणि तुम्ही. आजी तुमच्या ऑफिसात जात नाहीत आणि काका बोलत नाहीत."

मी विचारलं, मग तू एकदाही विचारलं कसं नाहीस? ती खांद्यावरचा दोरा झटकत म्हणाली, विचारून काय करणार होते? तुम्ही कौतुकाने बोलला असणार, हेही माहीत होतं. रागवायला गेले की तेच आडवं यायचं.

एकवीस जानेवारीचं सगळं सांगितलं. इस्पितळ, न मांडलेली रजा, नाक. तिने एकदाही मध्ये टोकलं नाही. मग फळीवरून तिची वही काढली. अशीच बांधीव, क्रमांकाची, स्वतःच्या पैशाने घेतलेली. बारा फेब्रुवारीचं पान उघडलं. त्या संध्याकाळी माझ्याकडून निघून घरी जाऊन लिहिलेलं. उरलेल्या जागेवर तिरकी रेघ. तळाशी साक्षीदाराची चौकट कोरी. तिचे वकील म्हणतात, लिहिलं तू, तारीख घातलीस तू. नोकरी सोडल्यानंतर बारा दिवसांनी सुचलं, हे तुझ्याखेरीज कोण सांगणार? एकटीच काम करत होते ना, म्हणाली. सही कुणाची घेणार?

माझा हात पर्समधल्या पेनाकडे गेला. म्हटलं, मी होते की त्या दिवशी. चहा मीच केला होता. आण इकडे, सही करते, बारा फेब्रुवारी घालते.

तिने वही मिटली. माझं बोट त्यात होतं.

"ताई," ती म्हणाली, "हेच तर केलंत."

बसमध्ये खिडकीशी बसून परत आले. सासूबाईंनी घरी येईपर्यंत माझी पर्स स्वतःच्या मांडीवर ठेवली. पेन त्यातच होतं.

४ जुलै, सोमवार

सकाळी अकरा, नोटरीचं कार्यालय. नोटरींचे कारकून शिक्का हातात धरूनच बोलतात. वाचलं ना, समजलं ना, करा सही. मी म्हटलं, थांबा, वाचते. प्रतिज्ञापत्र तीन पानी. मी पहिल्या शब्दापासून सुरू केलं. दुसऱ्या पानावर कारकुनांनी शिक्का खाली ठेवला. तिसऱ्यावर त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावून घेतलं. वकीलबाई भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होत्या. आपल्या नावाने लिहिलेलं काही मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. वाक्यरचना चांगली होती.

सही न करताच वकीलबाईंना बाहेर घेऊन गेले. त्यांनी विचारलं, विचार केलात? म्हटलं, केला. मग सांगितलं, पहिल्यापासून. चहा आणि बिस्किटासकट. त्यांनी पेनाला टोपण लावलं. हे पान आता त्या मांडू शकत नाहीत, आणि मालक ऐकणार नसतील तर हे प्रकरण त्यांनाच सोडावं लागेल. मग म्हणाल्या, मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही तुमचा वेगळा वकील गाठा. खोटी तारीख घातली ती तुम्ही, हेही विसरू नका. त्याबद्दल तुम्हालाही विचारलं जाईल. मी म्हटलं, विचारू द्या. कुणीतरी विचारायला हवं होतं, अकरा वर्षं मी दर शुक्रवारी सह्या करते आहे.

निघताना म्हणाल्या, "पुरावा काय आहे तुमच्याकडे? इस्पितळाचा कागद, आणि?"

"रोजनिशी."

"किराण्याची?"

"त्यात किराणाही आहे."

त्या हसल्या असाव्यात. पाठ वळली होती. एक पान फाडू नका, एक अक्षर खोडू नका, एवढं म्हणून गेल्या.

दुपारी मालकांनी बोलावलंच नाही. टेबलावर पत्र होतं, उद्यापासून येऊ नये. पत्र कुणी लिहिलं कोण जाणे, तीन वाक्यांत दोनदा 'सदर'. मी माझा कप, पंचांग आणि शब्दकोश पिशवीत घातले. खुर्ची टेबलाखाली सरकवली. एकदाच, आणि राहिली तिथे.

६ जुलै, बुधवार

माझ्या वकिलांनी सांगितलं आहे की टाचणीच्या वकिलांना ही मूळ वही हवी आहे. उद्या सकाळी द्यायची. म्हणजे एकवीस जानेवारीबरोबर आंबट संत्री, शेजाऱ्यांचं कपाट आणि सासूबाईंच्या माहेरची पत्रं, सगळं कोर्टापुढे जाणार. सासूबाईंना त्या वाक्याबद्दल आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, खरं आहे ते, राहू दे.

देण्याआधी कुणीतरी वाचावी असं वाटलं. मी साक्षीदारच, पण स्वतःच्या वहीला साक्षीदार स्वतः होता येत नाही, एवढं आता कळतं. ह्यांना म्हटलं, तुम्ही वाचा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्यांनी माझ्या माहितीपुस्तिकांतलं एक पान वाचलेलं नाही. पण दुपारी जेवून खिडकीशी बसले, उजवा डोळा मिटला आणि नव्या डोळ्याने वाचू लागले. मी घरभर फिरत होते. तीनदा पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी मागितलं नव्हतं. एका पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली, ती कशामुळे ते मी ओळखलं. मग पान उलटलं आणि ते थांबले. बोट ठेवून मला हाक मारली.

बारा फेब्रुवारी.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, काही नाही, टाचणी आली होती तेव्हाचं. मीच लिहिलंय.

"लिहिलंस," ते म्हणाले. "वाचलंस का?"

उभ्याउभ्या वाचलं. पाच वाजता आली. ओट्याशी मी चहा गाळत होते. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, भांडं घेत नाही. कप हातात धरून उभी राहिली. अर्धा चहा टाकून, जिना दोनदोन पायऱ्यांनी.

मी खाली बसले. टाचणीच्या पानाखालची कोरी चौकट कशाने भरायची म्हणून शनिवारी पेन काढत होते. ती त्याच दिवशी, त्याच शाईने, चटका आणि कंटाळ्याच्या नावाखाली मीच भरून ठेवली होती. समजलं नव्हतं, पण पाहिलं होतं. दोनदा चहा केला किंवा प्यायले आणि दोनदा तोंड उघडलं. एकदा तिला काहीतरी दिलं, एकदा तिचं काढून दिलं. दोन्ही वेळा मला वाटलं की मी गप्पा मारते आहे.

टाचणीला फोन केला, ते वाचून दाखवलं. पलीकडून खालच्या मशिनी ऐकू आल्या आणि पानं उलटल्याचा आवाज. मग म्हणाली, माझ्या पानावर पहिलीच ओळ तीच आहे, ताई. कुणी म्हटलं तेही लिहिलंय. तुम्ही वाचायला घेतलंच नाहीत, थेट सहीलाच निघालात. जिंकू की नाही ते तिला माहीत नाही, मलाही नाही. शनिवारी येते म्हणाली. चहा पूर्ण पिणार आहे.

आता एवढंच. या पानावर उरलेल्या जागेत आणि पुढच्या सगळ्या कोऱ्या पानांवर पट्टी लावून तिरकी रेघ मारली आहे. तळाशी चौकट आखून वही ह्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पेन झटकून पाहिलं आणि त्यांच्या त्या वाईट अक्षरात लिहिलं:

वाचले व समजले. घोरण्याबाबत मतभेद.

खाली सही. तारीख आजची.